पोटुशी बाईचा आकडा कोणी मागितलाच नाही

माझी मावशी बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तिच्याकडं एक लांबट रजिस्टर असतं, पुठ्ठा सुटलेला, कोपऱ्यांना तेलाचे डाग, आणि त्यात गावातल्या प्रत्येक पोटुशी बाईची एक एक ओळ. नाव, शेवटची पाळी कधी आली, वजन, बीपी, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, टीडीचं म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या लाल गोळ्या किती दिल्या. मागच्या दिवाळीत मी ते सहज चाळत बसले होते. मार्च २०२० पर्यंत सगळे रकाने भरलेले आहेत. मग एप्रिल, मे, जून... नावं आहेत पण वजन कोरं, बीपी कोरं, एचबी कोरं. आणि तेच रजिस्टर उलटं धरून मागच्या बाजूनं लिहिलेली पानंच्या पानं, घर नंबर, घरात माणसं किती, पुण्यामुंबईहून कोण आलं, ताप ९७.४, ९८.१, ९७.९. एका बाजूनं बायका संपत गेल्यात आणि दुसऱ्या बाजूनं ताप वाढत आलाय. मी विचारलं मावशे हे असं का, तर म्हणाली, "अगं रोज पन्नास घरं करायची, संध्याकाळी फोनवर आकडा द्यायचा, नाही दिला तर साहेब ओरडायचे. पोटुशी बाईचा आकडा कोणी मागितलाच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा लेख त्याच्यावरच आहे.

कारण बघा, कोविडमध्ये आई आणि लेकरांच्या सेवा बंद करा असा आदेश कुणीच काढला नव्हता. उलट १४ एप्रिल २०२० ला केंद्रानं लेखी कळवलं होतं की बाळंतपण, लसीकरण, गर्भपात, नवजात बाळांची काळजी या अत्यावश्यक सेवा आहेत, त्या चालू ठेवायच्या. कागदावर सगळं चालूच होतं. पण ज्या माणसांच्या हातून ते चालतं ती आशा, ती एएनएम म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, ती अंगणवाडी ताई, तो १०२ म्हणजे बाळंतिणीच्या गाडीचा ड्रायव्हर, यांना दुसऱ्या कामाला लावलं तर कागदाला काय चाटायचंय. माझं म्हणणं सरळ आहे, साथीमध्ये जी बाई आणि जे लेकरू जातं ते बऱ्याचदा साथीच्या आजारानं जातच नाही, त्याची नेहमीची सेवा कोणीतरी उचलून नेली म्हणून जातं, आणि हे टाळता येण्यासारखं होतं.

हे आपल्याला आधी कळायला हवं होतं असंही मी म्हणेन. पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा सिएरा लिओनमध्ये हेच झालं होतं. बायका दवाखान्यात जायला घाबरल्या, नर्सेस कमी पडल्या, आणि २०१४-१५ मध्ये त्यामुळं जे जादा मातामृत्यू, नवजात बाळांचे मृत्यू आणि मृतजन्म झाले त्यांचा अगदी हात राखून केलेला अंदाज ३,६०० च्या घरात आहे. त्या देशात खुद्द इबोलानं गेलेली माणसं जवळपास ३,९५०. म्हणजे जवळजवळ बरोबरीनं. एका रोगाचे मृत्यू रोज टीव्हीवर आणि दुसरे कुठल्याच टीव्हीवर नाहीत.

आपल्याकडं २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासात देश बंद. आता आपल्या घरांमध्ये पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, सातवा-आठवा लागला की मुलगी आईकडं जाते. त्या मार्चमध्ये किती मुली सासरी अडकल्या आणि किती माहेरी गेलेल्या तिकडं, याचा कोणी विचार केला असेल असं वाटत नाही. नाव नोंदवलेलं एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात, मधे चेकपोस्ट आणि ई-पास. नवव्या महिन्यात ई-पासचा फॉर्म भरायचा, त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, आणि डॉक्टरचं क्लिनिक बंद.

माझी मुलगी त्या फेब्रुवारीतली, पुण्यात झालेली. दीड महिन्याचे डोस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होते. तिचं कार्ड अजून माझ्याकडं आहे, त्यावर निळ्या पेनानं लिहिलेली २६ मार्च, ती खोडलेली, खाली पेन्सिलनं १५ एप्रिल, तीही खोडलेली, आणि मग जूनमधली एक तारीख ज्याच्यावर एकदाचा शिक्का आहे. पेंटा (त्यातच डांग्या खोकल्याची लस असते), पोलिओ, रोटा सगळं अडीच महिने उशिरा. मी रोज फोन करायचे, आमचा भाग कंटेनमेंट झोनमध्ये होता आणि तिथं लसीकरण सत्रं थांबवलेली, कधी सुरू होतील ते फोन उचलणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तिला डांग्या खोकला झाला असता तर? रात्री ती जरा खोकली की मी लाईट लावून बसायचे. आणि माझ्याकडं स्मार्टफोन होता, नवऱ्याची स्कूटर होती, खासगी डॉक्टरला द्यायला पैसे होते, आठवण ठेवायला वेळ होता. तरी अडीच महिने.

आता यात ऊसतोडवाली बाई घालून बघा. आमच्या बीडची लाखो माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं जातात, तिकडं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात. मार्च-एप्रिल म्हणजे पट्टा पडायचा, हंगाम संपायचा काळ, परत यायचा काळ. त्या वर्षी ते सगळे कारखान्यांवर अडकले, एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं परवानगी दिली तेव्हा टोळ्या परत आल्या, आणि आल्या त्या गावाबाहेर शेतात नाहीतर शाळेत, क्वारंटाइनमध्ये. मावशीला त्यांची यादी करायला पाठवलं. ताप बघायचा, हातावर शिक्का आहे का बघायचा. त्यात एक एकोणीस वर्षांची मुलगी, आठवा संपत आलेला, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतोय इतकी सूज, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. दिवाळीला गेली तेव्हा दोन-तीन महिन्यांची होती, कार्डावर त्यानंतर एकही नोंद नाही. तिकडच्या सिस्टरनं तिला आपली धरली नाही आणि इकडच्या सिस्टरच्या हद्दीत ती नव्हती, हे तर साथ नसतानाही होतं, पण साथ नसती तर निदान आल्या दिवशी उपकेंद्रात नेऊन बीपी घेतला असता. मावशीच्या हातात थर्मल गन होती. बीपीचं मशीन उपकेंद्रात, आणि सिस्टर तालुक्याला कोविड सेंटरवर ड्युटीला. मावशीनं लिहिलं, ताप ९८.२.

मग कळा सुरू झाल्या रात्री. गाडी मिळेना, १०८ कोविडच्या पेशंटला घेऊन गेलेली. पहाटे एका टेम्पोतून नेलं, पहिल्या खासगी दवाखान्यानं कोविडचा रिपोर्ट मागितला, रिपोर्ट नाही म्हटल्यावर पुढं जा. दुसऱ्यानं दारच उघडलं नाही. तिसऱ्या ठिकाणी, सरकारी, एचबी सहाच्या खाली निघालं, बीपी वाढलेलं, झटके आले, सिझर झालं. ती वाचली. बाळ पावणेदोन किलोचं होतं, तिसऱ्या दिवशी गेलं. ना तिला कोविड होता ना बाळाला, आणि म्हणून रोज संध्याकाळी जे बुलेटिन निघायचं त्यात ते बाळ कुठंच नाही.

कोणी म्हणेल ही एक गोष्ट झाली. एक नाही. जून २०२० मध्ये नोएडाकडं आठ महिन्यांची गर्भवती बाई तेरा तास अॅम्ब्युलन्समध्ये आठ दवाखाने फिरली आणि शेवटी अॅम्ब्युलन्समध्येच गेली, ते देशभर छापून आलं. आणि हे त्या वेळी जेव्हा आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, १८ मे लाच स्पष्ट लिहून दिलं होतं की टेस्ट नाही म्हणून बाळंतपणासारखी इमर्जन्सी थांबवायची नाही, सॅम्पल घ्या आणि काम सुरू करा. लिहून दिलं होतं, पण नाही पाळलं तर काय, हे कुठंच नव्हतं. खासगी डॉक्टरांची भीती मी समजू शकते, पीपीई किट मिळत नव्हते, एक पेशंट पॉझिटिव्ह निघाला की आख्खं हॉस्पिटल सील व्हायचं, घरी म्हातारे आईवडील. पण मग ती भीती कमी करणं हे सरकारचं काम होतं ना. सील करण्याची धमकी देऊन वर म्हणायचं पेशंट नाकारू नका, असं कसं चालेल.

आणि होऊ शकतं हे दाखवणारेही होते. मुंबईत महापालिकेचं नायर हॉस्पिटल कोविडसाठी राखीव केलं तेव्हा त्यांनी बाळंतपणाचा विभाग बंद केला नाही, पॉझिटिव्ह बायकांसाठीच तो चालवला, पहिल्या वर्षभरात हजारच्या आसपास पॉझिटिव्ह आयांची बाळंतपणं तिथं झाली. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेनं त्याच्याबरोबर प्रेगकोविड नावाची नोंदणी सुरू केली, राज्यातल्या मेडिकल कॉलेजांमधून माहिती गोळा केली. त्यातून दिसलं की दुसऱ्या लाटेत गर्भवतींना झालेला कोविड पहिल्या लाटेपेक्षा खूप जास्त गंभीर होता. अनेक देशांत पहिले काही महिने आई पॉझिटिव्ह निघाली की बाळ उचलून वेगळं ठेवायचे, अंगावरचं दूधही बंद. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की मास्क लावा, हात धुवा आणि बाळ आईजवळच ठेवा, कमी वजनाच्या बाळाला तर छातीशी धरणं हेच औषध आहे.

दुसऱ्या लाटेचं निघालंय तर मला सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो ते सांगते. कोविडचं लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. अंगावर पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली १९ मे ला. गर्भवतींना २ जुलै ला. मधे एप्रिल-मे गेला, ज्या एप्रिल-मेमध्ये आपण सगळ्यांनी जे बघायचं ते बघितलं. कारण असं दिलं जात होतं की ट्रायलमध्ये गर्भवती नव्हत्या म्हणून माहिती नाही. पण ट्रायलमध्ये त्यांना घेतलं नव्हतं कोणी? त्या काय आपणहून बाहेर राहिल्या? आधी वगळायचं, मग माहिती नाही म्हणायचं, आणि त्या माहिती नसण्याची किंमत तिनं मोजायची. अमेरिकेत, इस्रायलमध्ये हजारो गर्भवती बायका लस घेत होत्या, आपल्या फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे डॉक्टरसुद्धा द्या म्हणून सांगत होते. आमच्याच सोसायटीतली एक शिक्षिका, सहावा महिना, सेंटरवरून परत पाठवलेली मला माहितीये. ती वाचली, पण तीन आठवडे ऑक्सिजनवर होती.

आता लेकरांचं. २०१९ मध्ये आपल्या देशात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं १४ लाख होती, २०२० मध्ये ती ३० लाख झाली, हा डब्ल्यूएचओ आणि युनिसेफचा अंदाज आहे. दुप्पट. हा आकडा पुढच्या वर्षांत खाली आला हे खरंय आणि त्याचं श्रेय ज्यांनी परत घरोघर जाऊन राहिलेली मुलं शोधली त्यांना द्यायलाच हवं. पण गोवर वाट बघत नाही. गोवर इतका लागट आहे की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असतील तरच तो थांबतो. नवव्या महिन्याचा डोस २०२०-२१ मध्ये हुकलेली मुलं २०२२ मध्ये दीड-दोन-तीन वर्षांची झाली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवर फुटला, मग मालेगाव, भिवंडी. मुंबईत दहाच्या वर मुलं गेली. तेव्हा चर्चा काय झाली तर हे लोक लस घेत नाहीत, अज्ञान आहे, अफवा आहेत. काही घरांत असेलही. पण त्या वस्त्यांमध्ये दोन वर्षं हेल्थ पोस्टची माणसं कशाला लावली होती, सत्रं किती झाली, किती रद्द झाली, हे आधी विचारायला पाहिजे होतं ना. लसीची तारीख आईनं चुकवली की तारखेनं आईला चुकवलं, हे माझ्या हातातल्या कार्डावर तर स्पष्ट दिसतंय.

कुपोषणाचं तर काय बोलायचं. साथीच्या आधीच, २०१९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ३५ टक्के लहान मुलं खुजी आणि २५ टक्क्यांच्या वर लुकडी होती. त्यात अंगणवाड्या बंद. कोरडा शिधा घरी दिला, ते चांगलंच केलं, पण आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत बसवून रोज एकवेळचं गरम जेवण द्यायचे ते यासाठीच की ते तिच्याच पोटात जावं. घरी आलेली डाळ सहा जणांत वाटली जाते आणि ती शेवटी जेवते, हे आपल्यातल्या कुठल्या बाईला सांगायला हवं का? आणि वजनकाटा महिनोन् महिने टांगलाच नाही, मग मेळघाटात किंवा धडगाव-अक्कलकुव्यात कुठलं मूल घसरतंय हे कळणार कसं.

गर्भपात आणि कुटुंब नियोजनाबद्दल तर कोणी तोंडच उघडत नाही म्हणून मी उघडते. लॉकडाऊनच्या पहिल्या तीन महिन्यांत देशात १८.५ लाख बायकांना हवा असलेला गर्भपात वेळेत किंवा हव्या त्या पद्धतीनं मिळाला नसावा असा इपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेचा अंदाज आहे. ऑपरेशनची शिबिरं बंद, तांबी बसवणारी सिस्टर कोविड सेंटरला, गोळ्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, आणि नवरा चोवीस तास घरात.

आता यावर जो प्रश्न येतो तो मला माहितीये, की मग मातामृत्यू वाढलेले का दिसत नाहीत. देशाचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागं ९७ होता आणि २०१९-२१ मध्ये ९३ झाला, कमीच झाला. बरोबर. पण त्याच तक्त्यात महाराष्ट्राची ओळ बघा, ३३ होता तो ३८ झाला. आपल्याकडं इतकी वर्षं तो कमीच होत आला होता, ४६, ३८, ३३ असा, आणि तिथं तो वर वळला. हे नमुना पाहणीचे तीन वर्षांचे सरासरी आकडे आहेत, पाचाच्या फरकावर मी सगळा भार टाकणार नाही, आणि त्यातल्या किती बायका कोविडनं गेल्या आणि किती सेवा न मिळाल्यानं हे त्या आकड्यातून कळत नाही. पण कळत नाही हीच तर अडचण आहे. युनिसेफनं दक्षिण आशियातल्या सहा देशांसाठी गणित मांडलं होतं, २०२० या एका वर्षात सेवा खंडित झाल्यामुळं २ लाख २८ हजार जादा बालमृत्यू आणि ११ हजार जादा मातामृत्यू. ते गणित आहे, मोजणी नाही. कारण मोजणारी माणसं ताप मोजत होती.

दुसरा प्रश्न, एवढं संकट होतं तर सगळी माणसं तिकडं लावण्यावाचून दुसरा इलाज काय होता? इलाज होता. घरोघर जाऊन ताप बघायला, शिक्के तपासायला आशाच कशाला लागते? मुंबईत नाक्यावर शिक्षक उभे केलेच होते ना, त्याच पद्धतीनं गावातली बारावी झालेली पोरं-पोरी तीन महिन्यांसाठी घेता आली असती, सगळे घरीच बसले होते. गरोदर बाईचं पोट तपासून डोकं खाली आहे का आडवं हे मात्र त्यांना कळणार नाही, ते सिस्टरलाच कळतं. म्हणून पुढच्या साथीत एएनएम आणि आशाला त्यांच्या कामावरून हलवायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी कारण द्यावं आणि तिच्या जागी कोण ते त्याच कागदावर लिहावं, एवढा साधा नियम आत्ता, साथ नसताना करून ठेवा. १०२ च्या गाड्या बाळंतिणीच्याच राहतील. प्रत्येक तालुक्यात बाळंतपणासाठी उघडा राहणारा एक दवाखाना आधीच ठरलेला असेल आणि त्याचं नाव प्रत्येक कार्डावर छापलेलं असेल, म्हणजे पहाटे चार वाजता टेम्पोवाल्याला कुठं वळायचं हे कळेल. नवीन लस आली तर गर्भवती पहिल्या ट्रायलपासून त्यात असतील, ज्यांना यायचंय त्या. आणि रोजच्या बुलेटिनमध्ये चार ओळी जास्त, आज किती बाळंतपणं झाली, किती घरी झाली, किती डोस दिले, किती बायका परत पाठवल्या. मावशी म्हणते तसं, जो आकडा मागतात तोच भरला जातो.

आणि आशांना पगार द्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या तेव्हा त्या कोविडच्या कामाचा धड मोबदला मागत होत्या, साथीत राबून सव्वा वर्ष झाल्यावर. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, मावशीला गावात शाल मिळाली. ती शाल तिनं जपून ठेवलीये, पण तिला अजूनही पगार नाही, मोबदलाच आहे.

त्या रजिस्टरमध्ये २०२२ च्या डिसेंबरमधलं एक पान आहे. गोवरची मोहीम निघाली तेव्हा मावशी वीटभट्टीवर गेली होती, तिथं तिला अडीच वर्षांचा एक मुलगा सापडला, लॉकडाऊनमध्ये जन्मलेला, दंडावर बीसीजीचा व्रण नाही, आईकडं कार्ड नाही, कार्ड काढायला कोणी आलंच नव्हतं म्हणाली. मावशीनं नवीन कार्ड काढलं. जन्मतारखेच्या जागी आईनं सांगितलं ते तसंच लिहिलंय, "लॉकडाऊन लागला त्याच्या दुसऱ्या महिन्यात, अमावस्येच्या आदल्या दिवशी."